विश्लेषण : क्रोम, फायरफॉक्स की सफारी? ब्राउझरच्या सुरक्षेत फरक नेमका कुठे पडतो

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे एचएसआरपी, सक्तीची झाली आणि २०२५ मध्ये एमएच-२० क्रमांकाच्या हजारो गाड्यांचे मालक मोबाइल हातात घेऊन तीच चार अक्षरे शोधू लागले. दुचाकीला जीएसटीसह ५३१ रुपये, चारचाकीला ८७९ रुपये. रक्कम मोठी नाही, म्हणून फारसा विचार न करता भरली जाते. त्याच काळात हुबेहूब दिसणाऱ्या बनावट संकेतस्थळांपासून सावध राहा, असे वाहनधारकांना सांगण्याची वेळ आली.

यात एक गोम आहे. खरी नोंदणी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून सुरू होते, पण तिथे आपले आरटीओ कार्यालय निवडले की वाहनधारक कंत्राटदार कंपनीच्या वेगळ्याच पत्त्यावर पोहोचतो. त्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नसते. ‘सरकारी पत्ता दिसला तरच पैसे भरा’ हा लोकांना इतकी वर्षे शिकवलेला साधा नियम सरकारी व्यवस्थेनेच असा निकामी केला. मग सिडकोतला निवृत्त शिक्षक असो की वाळूजमध्ये पाळी संपवून निघालेला कामगार, त्याच्यात आणि भामट्यात एकच गोष्ट उभी राहते : फोनमधला ब्राउझर.

कोणता ब्राउझर सगळ्यात सुरक्षित, असे विचारले तर जाणकार एक नाव सांगायला का कचरतात, हे त्यामुळे समजून घ्यायला हवे. मोठ्या चार-पाच ब्राउझरमधला फरक आपल्याला वाटतो त्याहून कमी आहे. तोच ब्राउझर दोन वेगवेगळ्या फोनवर मात्र फार वेगळा वागू शकतो.

ब्राउझर कशापासून वाचवतो?

धोके दोन प्रकारचे. पहिल्यात पानच फोनवर हल्ला करते. तुम्ही काही भरत नाही, काही डाउनलोड करत नाही. पान उघडले एवढाच गुन्हा. दुसऱ्यात पान फोनला काहीच करत नाही, ते तुम्हाला फसवते आणि तुम्ही स्वतःच्या हाताने कार्डाचा क्रमांक आणि ओटीपी भरता.

पहिल्या धोक्यावरचा उपाय म्हणजे भिंती. पूर्वीचे ब्राउझर एका मोठ्या हॉलसारखे होते. एका टॅबमध्ये आग लागली की सगळे जळाले. २००८ मध्ये क्रोम आला तो वेगवेगळ्या खोल्यांची रचना घेऊन. प्रत्येक खोलीला बाहेरून कडी, आतल्या पानाला फोनच्या फायलींपर्यंत जाता येऊ नये म्हणून. जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ नावाचा प्रोसेसरमधलाच दोष उघड झाला आणि कळले की एका खोलीत ठेवलेल्या दोन संकेतस्थळांपैकी एक दुसऱ्याचे गुपित चोरून ऐकू शकते. तेव्हा क्रोमने त्याच वर्षी संगणकावर प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र खोली दिली. फायरफॉक्सने हे काम संगणकावर २०२१ मध्ये पूर्ण केले.

फोनवर मात्र गोष्ट अडली. खोल्या वाढल्या की मेमरी जास्त लागते. त्यामुळे २०१९ मध्ये अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये ही सोय आली तेव्हा दोन अटी होत्या : फोनला किमान २ जीबी रॅम हवी आणि ज्या संकेतस्थळांवर आपण पासवर्ड टाकून आत जातो, त्यांनाच स्वतंत्र खोली मिळेल. म्हणजे स्वस्तातला १ जीबीचा फोन घेतलेल्या माणसाच्या हातात नाव तेच, चिन्ह तेच, पण भिंती कमी. अँड्रॉइडवरचा फायरफॉक्स या बाबतीत बराच काळ मागे राहिला. निव्वळ भिंतींच्या मजबुतीवर बोलायचे तर अँड्रॉइडवर क्रोम आणि त्याच्या कुटुंबातले ब्राउझर पुढे आहेत, हे फायरफॉक्सच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागते.

आयफोनवर तर हा वादच उद्भवत नाही. अ‍ॅपलच्या नियमामुळे भारतात आयफोनवरचा क्रोम, फायरफॉक्स, एज या सगळ्यांच्या आत सफारीचेच इंजिन, वेबकिट, चालते. युरोपीय संघात मार्च २०२४ पासून दुसरे इंजिन वापरायला परवानगी मिळाली, आपल्याकडे नाही. आयफोनवर ‘सुरक्षेसाठी’ सफारी सोडून क्रोम घेणाऱ्याने गाडीचा रंग बदललेला असतो, इंजिन तेच.

तिसऱ्याच कोणाच्या तरी चुकीने

मार्च २०२४ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हरला ‘प्वन टू ओन’ ही स्पर्धा झाली. दोष शोधून दाखवा, बक्षीस घ्या, अशी ही अधिकृत स्पर्धा. मॅनफ्रेड पॉल या संशोधकाने तिथे क्रोम, एज, सफारी आणि फायरफॉक्स या चारही ब्राउझरमध्ये शिरून दाखवले. एकही सुटला नाही. मोझिलाने दुसऱ्याच दिवशी फायरफॉक्सची दुरुस्त आवृत्ती बाहेर काढली, ही त्यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट.

त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये आणखी एक प्रकार घडला. वेबपी या प्रकारची चित्रे दाखवणाऱ्या एका छोट्या सामायिक प्रणालीत दोष सापडला. ती प्रणाली क्रोममध्ये होती, फायरफॉक्समध्ये होती, एज आणि ब्रेव्हमध्येही होती. एकच भोक आणि सगळ्यांना एकाच आठवड्यात धावपळ. स्पर्धक दिसणारे हे ब्राउझर आतून किती गोष्टी वाटून घेतात, ते तेव्हा कळले. मुळात इंजिने तीनच उरली आहेत : गुगलचे क्रोमियम, अ‍ॅपलचे वेबकिट आणि मोझिलाचे गेको. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये आपले इंजिन टाकून एजला क्रोमियमवर आणले. ब्रेव्ह, ऑपेरा, सॅमसंग इंटरनेट हेही त्याच घरातले.

मार्च २०२५ मध्ये कॅस्परस्की कंपनीच्या संशोधकांनी क्रोममधला एक दोष उघड केला. रशियातील प्रसारमाध्यमे आणि शैक्षणिक संस्थांमधील लोकांना परिसंवादाचे निमंत्रण म्हणून ईमेल पाठवली जात होती. लिंकवर टिचकी मारली, क्रोममध्ये पान उघडले, की काम झाले. गुगलने दोष दुरुस्त केला. मोझिलाने आपले घर तपासले तर फायरफॉक्समध्येही तशाच धाटणीचा दोष निघाला.

हे वाचून घाबरायला होते. पण असली हत्यारे फार महाग असतात. ती पत्रकार, मुत्सद्दी, कार्यकर्ते यांच्यासाठी राखून ठेवलेली असतात. आपल्या ५३१ रुपयांसाठी ती कोणी खर्च करत नाही. आपला धोका पुढे सुरू होतो. क्रोमियमचा कोड खुला आहे, त्यामुळे दुरुस्ती झाली की ती जगाला दिसते. दुरुस्ती कुठे केली ते वाचून, भोक कुठे होते हेही कळते. काल लाखो डॉलरचे असलेले हत्यार आता स्वस्तात तयार करता येते आणि ज्यांनी अपडेट घेतलेले नाही त्यांच्यावर चालते. गुगलने ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षेची अपडेट दर आठवड्याला द्यायला सुरुवात केली ती याच कारणाने. दुरुस्ती आणि तुमचा फोन यांच्यातले दिवस कमी करायचे होते.

इथे ब्राउझर-ब्राउझरमध्ये खरा फरक पडतो. क्रोमला दुरुस्ती आधी मिळते. एज आणि ब्रेव्ह सहसा काही दिवसांत ती घेतात. सॅमसंग इंटरनेट हा वापरायला छान, पण तो साधारणपणे काही आवृत्त्या मागच्या क्रोमियमवर उभा असतो. क्रोमियम घेऊन वर आपले नाव लावणारे जे लहानसहान ब्राउझर आहेत, त्यांच्याकडे दर आठवड्याला हे काम करणारी माणसे आहेत का, हा प्रश्न त्यांच्या जाहिरातीत कधीच नसतो. फायरफॉक्स स्वतःचे इंजिन स्वतः दुरुस्त करतो आणि दुरुस्तीचा वेग चांगला राखतो. सफारीची दुरुस्ती बहुतेक वेळा आयफोनच्या पूर्ण अपडेटबरोबर येते; ‘रात्री करू’ म्हणून ती पुढे ढकलली की सफारीही जुनाच राहतो.

फोनचे वय

आता मुख्य मुद्दा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या क्रोम १३९ पासून या ब्राउझरला अँड्रॉइड १० किंवा त्यापुढची प्रणाली लागते. अँड्रॉइड ८ आणि ९ वर चालणाऱ्या फोनसाठी क्रोम १३८ ही शेवटची आवृत्ती ठरली. असे फोन आपल्या घरांत कमी नाहीत. मुलाने नवा घेतला की जुना आईकडे जातो, आईकडून शाळकरी भाचीकडे. त्यावर क्रोम अजूनही उघडतो, बातम्या दिसतात, व्हिडीओ चालतात. फक्त त्याची दुरुस्ती थांबलेली असते.

अशा फोनवर ‘क्रोम जास्त सुरक्षित’ हे वाक्य उलटते. क्रोमने दार बंद केल्यानंतरही फायरफॉक्सच्या नव्या आवृत्त्या अँड्रॉइड ८ आणि ९ वर मिळत राहिल्या. भिंती थोड्या कमी असलेला पण दुरुस्त होणारा ब्राउझर, भक्कम भिंतींच्या पण सोडून दिलेल्या ब्राउझरपेक्षा केव्हाही बरा. अर्थात ब्राउझर नवा झाला तरी खालची अँड्रॉइड प्रणाली जुनीच राहते, म्हणून अशा फोनवर बँकेचे व्यवहार न करणेच शहाणपणाचे.

नव्या फोनवरही अपडेट अडते, आणि त्याची कारणे अगदी घरगुती असतात. प्ले स्टोअरमध्ये अनेकांच्या फोनवर ‘फक्त वाय-फायवर अपडेट करा’ अशी सेटिंग असते. ज्याच्या घरी वाय-फाय नाही, सगळे काम मोबाइल डेटावर, त्याचा ब्राउझर महिनोन् महिने तसाच राहतो. दुसरे कारण म्हणजे भरलेला फोन. शुभ सकाळच्या चित्रांनी आणि लग्नाच्या व्हिडीओंनी जागा संपली की अपडेट मुकाट्याने थांबते, कोणी ओरडून सांगत नाही.

संगणकावर चित्र वेगळे नाही. विंडोज ७ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. झेरॉक्सच्या दुकानात, गल्लीतल्या सेवा केंद्रात, छोट्या कार्यालयात विंडोज ७ अजून दिसते आणि तिथेच लोक आधार, पॅन आणि बँकेचे पासबुक घेऊन रांगेत उभे असतात. विंडोज १० चा नियमित पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

जुन्या आवृत्तीला चिकटून राहण्याची सवय काही प्रमाणात सरकारी संकेतस्थळांनीच लावली, हेही नोंदवायला हवे. ‘हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसते’ ही ओळ कोणाला आठवत नाही? सरकारी ई-निविदा भरताना डिजिटल सहीसाठी जावा लागत असे. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये सुरक्षेच्या कारणाने जावाच्या जोडणीला दार बंद केले, तेव्हा कित्येक कंत्राटदारांनी मुद्दाम जुना ब्राउझर राखून ठेवला. ‘टेंडरचा पीसी’ नावाचा, कधीही अपडेट न करायचा एक संगणक कार्यालयाच्या कोपऱ्यात असायचा. डिजिटल सहीचे टोकन त्यालाच टोचलेले. खरे तर त्या कार्यालयातील सगळ्यात मौल्यवान वस्तू सगळ्यात कच्च्या खोलीत ठेवलेली.

फसव्या पानांची यादी

दुसऱ्या प्रकारच्या धोक्यात, म्हणजे बनावट एचएसआरपी पानासारख्या प्रकरणात, भिंतींचा उपयोग नाही. तिथे ब्राउझर एक यादी पाहतो. गुगलची ‘सेफ ब्राउझिंग’ ही यादी क्रोमबरोबर फायरफॉक्स आणि सफारीही वापरतात. एज मायक्रोसॉफ्टचा ‘स्मार्टस्क्रीन’ वापरतो. लाल पडदा येऊन ‘पुढे धोका आहे’ असे दिसते ते या यादीमुळे.

अडचण अशी की भामटे पाने झपाट्याने बदलतात. गुगलने मार्च २०२४ मध्ये सांगितले की घातक पान सरासरी दहा मिनिटांपेक्षाही कमी काळ टिकते. तोवर क्रोम फोनमध्ये साठवलेली यादी अर्ध्या-एक तासाने ताजी करत असे. म्हणजे यादी येईपर्यंत चोर पसार. त्यानंतर क्रोमने प्रत्येक पत्ता त्याच क्षणी गुगलच्या यादीशी ताडून पाहायला सुरुवात केली, आणि तेही पत्ता गुगलला थेट कळणार नाही अशा पद्धतीने. ताज्या फसव्या पानांपुरता हा क्रोमचा स्पष्ट फायदा आहे. सेटिंगमध्ये याहून कडक ‘एन्हान्स्ड’ संरक्षणही आहे, मात्र त्यात गुगलकडे अधिक माहिती जाते. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर मी ते चालू ठेवीन. स्वतःच्या फोनवर कोणी ठेवले नाही तर त्याला दोष देणार नाही.

आणि कुलपाचे चिन्ह? ‘पत्त्याजवळ कुलूप दिसले तर पैसे भरा’ हा सल्ला अजूनही व्याख्यानांतून दिला जातो. तो आता विसरायला हवा. कुलपाचा अर्थ फक्त एवढाच की तुमची माहिती वाटेत कोणी वाचू शकणार नाही. पलीकडे बसलेला माणूस भामटा असेल तर ती सुरक्षितपणे भामट्याकडे पोहोचते. जवळजवळ सगळ्या फसव्या पानांना आज कुलूप असते. लोकांचा हा गैरसमज जाईना, म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने कुलपाचे चिन्हच काढून तिथे सेटिंगसारखे दिसणारे चिन्ह बसवले.

मग पत्ता कसा ओळखायचा? बँकेपुरते काम सोपे झाले आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय बँकांसाठी राखीव ‘डॉट बँक डॉट इन’ हा पत्ता जाहीर केला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना तिकडे जायला सांगितले. हा पत्ता बँकेशिवाय कोणाला मिळत नाही. फक्त तो पत्त्याच्या शेवटी, पहिल्या तिरक्या रेषेच्या लगेच आधी असायला हवा. ‘अमुकबँक डॉट बँक डॉट इन डॉट केवायसी डॉट एक्सवायझेड’ असा पत्ता असेल तर त्याचा मालक बँक नव्हे, शेवटचा एक्सवायझेड. फोनची पट्टी अरुंद असल्याने नेमके हे शेपूट कापले जाते. पट्टीवर बोट ठेवून पूर्ण पत्ता पाहावा लागतो.

याहून चांगला पहारेकरी ब्राउझरमधला पासवर्ड मॅनेजर आहे. आपल्या डोळ्यांना ‘ओ’ आणि शून्य सारखेच दिसतात, त्याला दिसत नाहीत. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या पानावर भरला जात नसेल तर ‘फोन बिघडला’ म्हणून हाताने टाकू नका. तिथे थांबा. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज या सगळ्यांत ही सोय आहे.

दिल्लीतून निघालेली खोटी प्रमाणपत्रे

कुलपामागे प्रमाणपत्रांची एक व्यवस्था असते. ‘हे खरोखर गुगलचेच पान आहे’ असे कोणीतरी विश्वासू संस्था सहीने सांगते आणि ब्राउझर त्या सहीवर विश्वास ठेवतो. कोणाच्या सहीवर विश्वास ठेवायचा, हे ब्राउझर ठरवतो. यातला फरक किती महत्त्वाचा, हे दाखवणारी जगातली एक गाजलेली घटना भारतातली आहे.

२ जुलै २०१४ रोजी गुगलच्या लक्षात आले की आपल्या पत्त्यांसाठी कोणीतरी खोटी प्रमाणपत्रे काढली आहेत. सही होती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजे एनआयसीची. सरकारची बहुतेक संकेतस्थळे सांभाळणारी हीच संस्था. तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांनी, म्हणजे सीसीएने, दुसऱ्याच दिवशी एनआयसीचे अधिकार काढले आणि प्रमाणपत्र देण्याच्या प्रक्रियेत घुसखोरी झाल्याचे कळवले. चार खोटी प्रमाणपत्रे निघाली, असे सांगण्यात आले; गुगलला त्या चारच्या बाहेरचीही माहीत होती. मायक्रोसॉफ्टने गुगल आणि याहूशी संबंधित ४५ पत्त्यांची यादी प्रसिद्ध केली.

धोका कोणाला होता? विंडोजवरचा इंटरनेट एक्सप्लोरर आणि विंडोजवरचा क्रोम, कारण दोघेही मायक्रोसॉफ्टच्या विश्वासयादीवर अवलंबून होते आणि तीत भारताचे मूळ प्रमाणपत्र होते. फायरफॉक्स स्वतःची यादी ठेवतो, तीत ते नव्हते. तो सुरक्षित राहिला. अँड्रॉइड, आयफोन आणि मॅकवरच्या क्रोमलाही धोका नव्हता. गुगलने मग क्रोममध्ये भारतीय प्रमाणपत्रांना ‘जीओव्ही डॉट इन’, ‘एनआयसी डॉट इन’, ‘एसी डॉट इन’ अशा मोजक्याच पत्त्यांपुरते बांधून टाकले.

ही जुनी गोष्ट आता उकरण्याचे कारण म्हणजे स्वदेशी ब्राउझर. केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय ब्राउझर बनवण्याची स्पर्धा जाहीर केली, बक्षिसांची एकूण रक्कम ३.४१ कोटी रुपये. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला आणि झोहो कंपनीला पहिले, एक कोटीचे बक्षीस मिळाले. झोहोचा ‘उला’ हा ब्राउझर २०२३ पासून उपलब्ध आहे आणि तोही क्रोमियमवरच उभा आहे. स्पर्धेच्या अटींत एक अट होती : ब्राउझरची स्वतःची विश्वासयादी असावी आणि तीत सीसीएचे मूळ प्रमाणपत्र असावे. देशाच्या दृष्टीने मागणी रास्त आहे. परदेशी कंपनीने उद्या भारतीय प्रमाणपत्रे नाकारली तर काय, हा प्रश्न खरा आहे. पण २०१४ मध्ये ज्यांच्या यादीत हे प्रमाणपत्र नव्हते तेच वाचले, हेही तितकेच खरे. विश्वासयादी आपली असावी. ती कोण तपासते आणि चूक झाल्यावर किती तासांत जाहीर करते, यावर तिची किंमत ठरेल.

परदेशीच्या नावाने बोटे मोडताना यूसी ब्राउझरही आठवावा. कमी डेटात पटकन उघडतो म्हणून दहा वर्षांपूर्वी आपल्याकडे तो घराघरांत होता. २०१५ मध्ये कॅनडातील सिटिझन लॅबने दाखवले की वापरणाऱ्याने शोधलेले शब्दही तो उघड्यावर पाठवत होता. २९ जून २०२० च्या बंदी आदेशातील ५९ चिनी अ‍ॅपमध्ये त्याचे नाव होते. ऑपेरा मिनीच्या सगळ्यात जास्त डेटा वाचवणाऱ्या पद्धतीतही पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर उघडून, दाबून, मग फोनकडे येते. क्रिकेटचा स्कोअर बघायला हरकत नाही. बँकेसाठी ती पद्धत नको.

ब्राउझरला वळसा

इतके सगळे करूनही पैसे जातात, कारण आज बऱ्याच फसवणुकीत ब्राउझर मधे येतच नाही. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरील जाहिरातीवर बोट ठेवले की पान त्या अ‍ॅपच्या आतल्याच खिडकीत उघडते. तिथे तुमचा पासवर्ड मॅनेजर नसतो, पत्ता नीट दिसत नाही. २०२२ मध्ये फेलिक्स क्राउझ या संशोधकाने दाखवले की इन्स्टाग्रामसारखी अ‍ॅप या आतल्या खिडकीत उघडलेल्या पानांमध्ये स्वतःचा कोड घालतात. कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर ‘ब्राउझरमध्ये उघडा’ असा पर्याय असतो, पैशांचा विषय असेल तर आधी तो दाबावा.

त्याहून वाईट म्हणजे एपीके फाइल. वाहतूक चलान, पीएम किसान, लग्नपत्रिका अशा नावाने ती व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि फोनमध्ये अ‍ॅप म्हणून बसते. मग ओटीपीचे एसएमएस परस्पर वाचले जातात. जगातला सर्वोत्तम ब्राउझर इथे काही करू शकत नाही, त्याला विचारलेच जात नाही. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करा’ असा भाग असतो. तिथे व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल मॅनेजर या सगळ्यांसमोर परवानगी बंद आहे ना, हे पाहायला एक मिनिट लागते. या लेखातले एकच काम करायचे असेल तर ते हे करा.

इन्कॉग्निटोचा मात्र यात काही उपयोग नाही. तो घरातल्या दुसऱ्या माणसापासून इतिहास लपवतो, संकेतस्थळापासून किंवा चोरापासून नाही. त्या नावाने झालेल्या दिशाभुलीच्या खटल्यात गुगलने २०२४ मध्ये अमेरिकेत साठवलेल्या नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. माग काढणाऱ्या जाहिरातदारांना रोखायचे असेल तर ब्रेव्ह, फायरफॉक्स आणि सफारी क्रोमपेक्षा पुढे आहेत; पण तो खासगीपणाचा प्रश्न झाला, चोरीचा नव्हे.

एआय ब्राउझरची नवी लाट आली आहे : पर्प्लेक्सिटीचा कॉमेट, ओपनएआयचा अ‍ॅटलस. ते तुमच्या वतीने पाने वाचतात, बटणे दाबतात. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्हच्या संशोधकांनी दाखवले की पानावर लपवलेली सूचना कॉमेट मालकाचीच आज्ञा समजून पाळू शकतो. बँकेत लॉगिन असलेल्या ब्राउझरवर सध्या तरी हा प्रयोग नको.

मग कोणता घ्यावा?

अँड्रॉइड १० किंवा पुढचा फोन असेल तर क्रोम, प्ले स्टोअरचे अपडेट चालू ठेवून. अँड्रॉइड ८ किंवा ९ असेल तर फायरफॉक्स, आणि बँक दुसऱ्या फोनवर. आयफोनवर सफारी, प्रणालीचे अपडेट आले त्याच दिवशी घेऊन. संगणकावर क्रोम, एज, फायरफॉक्स यांपैकी जो आवडेल तो. मात्र त्याला जोडलेली एक्स्टेन्शन्स मोजा आणि आठवत नाहीत ती काढून टाका. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सुरक्षा कंपनीचेच क्रोम एक्स्टेन्शन हल्लेखोरांनी बळकावून त्यातून घातक अपडेट पाठवले होते. आणि एचएसआरपीसारखे काम असेल तर शोधयंत्रात सगळ्यात वर दिसणाऱ्या ‘प्रायोजित’ लिंकवर न जाता, परिवहन विभागाचा पत्ता हाताने टाकून तिथूनच पुढे जा.

पैसे गेलेच तर १९३० वर फोन, लगेच. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा शहरातील सायबर पोलीस ठाण्यातही देता येते. एक चूक मात्र अनेक जण घाबरून करतात : ब्राउझरचा इतिहास पुसून टाकतात. तो पुसू नका. ज्या पानावर पैसे भरले त्याचा पूर्ण पत्ता आणि वेळ तिथेच नोंदलेली असते आणि पोलीस सगळ्यात आधी तेच मागतात.